‘मिरची तिखट असते’ म्हणजे नेमकं काय? प्रकाराबद्दलच्या विधानांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागात रोज दोन भाषा कानावर पडतात. घरात मराठी, कचेरीच्या फलकावर कन्नड, बाजारात दोन्ही. त्यामुळे ‘असतो’ आणि ‘आहे’, ‘येतो’ आणि ‘येईल’ यांतला फरक इथल्या शिक्षकांना, भाषांतरकारांना आणि पत्रकं लिहिणाऱ्यांना सारखा भेटतो. त्यांच्याकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रकाराबद्दलचं विधान कशाला म्हणायचं?

‘मिरची तिखट असते.’ ‘गवे कळपानं राहतात.’ ‘ऊस पाणी मागतो.’ या वाक्यांत बोट दाखवावं अशी एकही मिरची नाही, एकही गवा नाही. किती मिरच्या, किती गवे, याचा आकडाही नाही. ‘सगळ्या’, ‘बहुतेक’, ‘काही’ यांपैकी एकही शब्द नाही. बोलणं चाललंय ते त्या प्रकाराविषयी. अशा वाक्याला आपण इथे प्रकारविधान म्हणू.

‘सगळे’ आणि ‘काही’ यांना जगातल्या भाषांत स्वतःचे शब्द आहेत. प्रकारविधानासाठी खास राखून ठेवलेला तसा शब्द मात्र भाषांमध्ये सापडत नाही. नाम उघडं राहतं आणि अर्थ क्रियापदाच्या रूपावर, वचनावर आणि ऐकणाऱ्याच्या समजेवर तोलला जातो. हा विषय अवघड आहे तो यामुळेच.

‘जातिवाचक विधान’ का म्हणत नाही?

तर्काच्या दृष्टीनं तो शब्द बरोबर आहे, तिथे जात म्हणजे प्रकार. पण आज ‘जातिवाचक’ म्हटलं की वाचकाला शिवीगाळ आणि पोलिसात दिलेली तक्रार आठवते. म्हणून टाळतो.

‘आहे’ आणि ‘असतो’ यांत फरक काय?

मराठीत प्रकारविधान ओळखायची सगळ्यात मोठी खूण हीच आहे.

बाजारात मिरचीच्या ढिगाकडे बोट दाखवून दोन प्रश्न विचारता येतात. ‘ही मिरची तिखट आहे का?’ आणि ‘ही मिरची तिखट असते का?’ बोट तेच, ढीग तोच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला विकणाऱ्याला एक मिरची मोडून चाखावी लागेल. दुसऱ्या प्रश्नात ‘ही’ म्हणजे हा ढीग नव्हे, हे वाण. तिथे चाखून भागत नाही, वाणाची माहिती लागते. म्हणूनच ‘असते, पण यंदाची नाही’ हे उत्तर सरळ वाटतं. त्यात स्वतःला खोडून काढणारं काही नाही. अर्धं उत्तर वाणाबद्दल आहे, अर्धं समोरच्या मालाबद्दल.

‘आहे’ आत्ताच्या, समोरच्या गोष्टीला धरून राहतो. ‘असतो’ त्या गोष्टीची रीत सांगतो. हीच जोडी इतर क्रियापदांतही दिसते: ‘पाऊस पडतोय’ आत्ताचा, ‘पाऊस पडतो’ रीतीचा. निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात ‘पाऊस पडालाय’ म्हणतात, तेव्हाही बोलणं आत्ताच्याच पावसाचं. त्या रूपानं प्रकारविधान होत नाही.

एक ठिकाण मात्र लक्षात ठेवावं. वर्गवारी सांगताना प्रकाराबद्दलही ‘आहे’ येतो: ‘वाघ हा मांसाहारी प्राणी आहे’, ‘सोनं हा धातू आहे’. इथला ‘हा’ समोरचा वाघ दाखवत नाही. वाक्याचा विषय पुढे ठेवायचं काम तो करतो. मुलांना ‘आहे म्हणजे एक, असतो म्हणजे सगळे’ असं शिकवलं की नेमकी याच वाक्यांशी गाठ पडते आणि नियम मोडला असं त्यांना वाटतं. गुण सांगायचा असेल तर ‘असतो’, वर्ग सांगायचा असेल तर ‘आहे’, असं शिकवावं.

मग ‘असतो’ दिसला की प्रकारविधान झालंच का?

नाही. तीन वाक्यं बघा.

‘तो संध्याकाळी घरी असतो.’ इथे माणूस एक, रीत त्याच्या संध्याकाळांची. ही सवय झाली, प्रकार नाही. शाळेच्या व्याकरणात ‘मी लिहीत असतो’ या रूपाला रीती वर्तमानकाळ म्हणतात, ते नाव इथे नेमकं बसतं.

‘खानापूरच्या जंगलात गवे असतात.’ हे वाक्य जंगलाबद्दल आहे. त्या जंगलात गेलात तर गवे भेटू शकतात, एवढंच ते सांगतं. गव्यांचा स्वभाव त्यातून कळत नाही.

‘गवे कळपानं राहतात.’ हे प्रकारविधान.

ओळखायची सोपी कसोटी अशी: नामाआधी ‘काही’ घालून बघा. ‘खानापूरच्या जंगलात काही गवे असतात’ यात अर्थ फारसा हलत नाही. ‘काही गवे कळपानं राहतात’ म्हटलं की बाकीचे राहत नाहीत असा वास येतो आणि वाक्य दुबळं होतं. ‘काही’ घातल्यावर वाक्य दुबळं झालं तर ते प्रकारविधान होतं असं समजावं.

प्रकारासाठी एकवचन वापरावं की अनेकवचन?

मराठीला दोन्ही चालतं. हा प्रश्न नवा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत यासाठी स्वतंत्र सूत्र आहे: ‘जात्याख्यायामेकस्मिन् बहुवचनमन्यतरस्याम्’ (1.2.58). जात सांगायची असेल तेव्हा एकासाठी विकल्पानं अनेकवचन चालतं, असा त्याचा अर्थ. काशिकावृत्ती या अष्टाध्यायीवरच्या टीकेतलं उदाहरण शेतातलंच आहे: ‘संपन्नो यवः’ म्हणा किंवा ‘संपन्ना यवाः’ म्हणा, पीक चांगलं आलंय ते जवाचंच. शब्दाचा अर्थ व्यक्ती की जाती, हा वाद तर पतंजलीच्या महाभाष्यात व्याडी आणि वाजप्यायन या दोन आचार्यांच्या नावानं मांडलेला आहे. व्याडीचं मत द्रव्याकडे, म्हणजे व्यक्तीकडे, वाजप्यायनाचं आकृतीकडे, म्हणजे जातीकडे.

व्यवहारात मराठीचा कल असा दिसतो. पीक, माल, जिन्नस एकवचनात येतात: ‘कांदा डोळ्यांत पाणी आणतो’, ‘भात पाण्यात वाढतो’, ‘कांदा महागलाय’. कळपानं दिसणारे प्राणी आणि माणसांचे गट बहुधा अनेकवचनात येतात. डास, साप, वाघ, दगड या पुल्लिंगी नामांचं रूप दोन्ही वचनांत तेच राहतं, म्हणून तिथे क्रियापद बघावं लागतं: ‘डास चावतो’, ‘डास चावतात’.

‘एक’ मात्र घालू नका. इंग्रजीत प्रकारासाठी एकवचनी उपपद चालतं, त्याच्या मागे जाऊन ‘एक बैल गाडी ओढतो’ असं लिहिलं की मराठी वाचक पुढचं वाक्य शोधतो: कुठला बैल, कुणाची गाडी? ‘बैल गाडी ओढतो’ एवढंच पुरे.

किती टक्के असले की प्रकारविधान खरं ठरतं?

टक्क्यांनी ते ठरत नाही. या प्रश्नाभोवतीच गेल्या पन्नास वर्षांचं काम फिरत आलं आहे.

‘पक्षी अंडी घालतात’ हे निर्विवाद खरं. पण अंडी घालते ती मादी, तीही वयात आलेली. म्हणजे घालणारे निम्म्याहून कमीच. ‘पक्षी माद्या असतात’ मात्र कुणी म्हणणार नाही, आणि माद्या तर अंडी घालणाऱ्यांपेक्षा जास्तच भरतील. (हे उदाहरण कोंबडीवर घेऊ नका. मराठीत कोंबडी हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, नर बाजूला पडतात आणि कोडं उरतच नाही.) तसंच ‘म्हैस दूध देते’: गोठ्यातली एखादी भाकड असेल, एखादी अजून व्यायलीच नसेल, तरी वाक्याला धक्का लागत नाही.

उलट बाजूनं बघा. जगातली सुमारे 60 टक्के माणसं आशियात राहतात. बहुमत स्पष्ट आहे, तरी ‘माणसं आशियात राहतात’ हे वाक्य कुणाच्या तोंडून खरं वाटत नाही. आशियात राहणं हे माणूस असण्यातून येत नाही.

तिसरी तऱ्हा धोक्याची. ‘डास मलेरिया पसरवतात.’ डासांच्या सुमारे 3500 जाती आहेत. मलेरिया पसरतो तो फक्त अॅनोफिलिस गटातल्या काही जातींमुळे, त्यातही मादीमुळे, आणि तीही आधी रोग्याला चावलेली असेल तरच. एकूण डासांत अशा डासांचा वाटा अगदी नगण्य. तरी वाक्य खरं मानतो, कारण चुकलं तर जीव जातो. ‘साप विषारी असतात’ याचंही तेच. भारतात सापांच्या 300च्या आसपास जाती, त्यातल्या बहुतेक बिनविषारी. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांनी त्या वाक्यात जीव ओतलाय.

भाषाशास्त्रात या अभ्यासाला वळण मिळालं ते ग्रेग कार्लसन यांच्या 1977 च्या प्रबंधानं. असं उघडं नाम प्रकाराचं नाव म्हणून काम करतं, अशी त्यांची मांडणी होती. नंतर अनेकांनी वाक्यात एक न दिसणारा ‘साधारणपणे’ मानला. सारा-जेन लेस्ली यांनी 2008 मध्ये वेगळी बाजू धरली: माणसाचं मन सामान्य समज ज्या रीतीनं बांधतं, तीच रीत या वाक्यांत उमटते, आणि म्हणून घातक गुण थोड्यांत दिसला तरी आपण तो अख्ख्या प्रकाराला चिकटवतो. डासांचं वाक्य या मांडणीत नीट बसतं. न दिसणाऱ्या ‘साधारणपणे’त ते बसवायला फार ओढाताण करावी लागते, म्हणून आम्हाला लेस्ली यांची बाजू जास्त पटते.

एक अपवाद दाखवला की विधान खोटं पडतं का?

‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होते, त्यांना काही झालं नाही.’ निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस मिळणार नाही. ‘तंबाखूनं कर्करोग होतो’ या विधानाला ते उत्तर म्हणून टाकलं जातं, आणि तर्क म्हणून ते लागू पडत नाही. विधान ‘तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला होतोच’ असं म्हणतच नव्हतं. तंबाखूत रोग निर्माण करायची ताकद आहे, एवढं ते सांगतं. आजोबा वाचले म्हणून ती ताकद गेली नाही.

अपवादानं खोटं पडतं ते ‘च’चं वाक्य. ‘मिरची तिखट असते’ आणि ‘मिरची तिखटच असते’ यांत एका अक्षराचा फरक. कमी तिखट अशा ब्याडगी वाणाची एक मिरची दुसऱ्या वाक्याला पाडते, पहिल्याला नाही. आरोग्याच्या फलकावर जोर यावा म्हणून ‘होतोच’ लिहिलं जातं आणि विरोधकाच्या हातात कोलीत जातं. त्या फलकावर ‘होतो’ पुरेसं आहे.

अपवादांची उतरंडही लागते. मिरची तिखट असते. ब्याडगी मिरची फारशी तिखट नसते, ती रंगासाठी घेतात. ही दोन्ही वाक्यं एका दमात खरी आहेत. एखाद्या मिरचीबद्दल फक्त ‘मिरची आहे’ एवढंच ठाऊक असेल तर तिखट धरावी. ‘ब्याडगी आहे’ हे कळलं की जवळचा, नेमका प्रकार वरचढ ठरतो.

‘चित्ता परत आला’ या वाक्यात चित्ता म्हणजे कोण?

भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, आणि मथळे आले: ‘चित्ता परत आला’. आलेला एकही चित्ता पूर्वी इथे नव्हता. ते आफ्रिकी उपजातीचे, गेलेले आशियाई. तरी वाक्य समजतं, कारण गेला तो प्रकार आणि आला तोही प्रकार.

‘नामशेष’, ‘दुर्मिळ’, ‘सर्वत्र आढळणारा’ ही विशेषणं एकट्या प्राण्याला लागतच नाहीत. झाडावरचं ते गिधाड दुर्मिळ नसतं, गिधाड दुर्मिळ असतं. प्रकाराला भाषेत स्वतःचं अस्तित्व आहे याचा हा सगळ्यात सरळ पुरावा.

कन्नडमधून मराठी करताना नेमकं कुठे चुकतं?

क्रियापदाच्या काळात. कन्नडमध्ये ‘बरुत्तदे’ हे एकच रूप ‘येतं’ आणि ‘येईल’ या दोन्हींसाठी चालतं. ‘नीरु बरुत्तदे’ म्हणजे पाणी येतं (रोजची रीत) किंवा पाणी येईल (आज, थोड्या वेळानं). नकारातही तेच: ‘बरुवुदिल्ल’ म्हणजे येत नाही किंवा येणार नाही. कन्नड वाचकाला संदर्भावरून कळतं. मराठीत आपल्याला एक बाजू निवडावीच लागते.

दुकानावरच्या पाटीचं उदाहरण घ्या: ‘सोमवार अंगडि तेरेदिरुवुदिल्ल’. याची मराठी तीन होतात.

‘सोमवारी दुकान बंद असतं.’ दर सोमवारची रीत.

‘सोमवारी दुकान बंद राहील.’ हा येणारा सोमवार.

‘सोमवारी दुकान बंद आहे.’ बोलताना हेही येणाऱ्या सोमवारलाच लागतं.

पाटी रंगानं रंगवलेली, कायमची असेल तर पहिलं. कागदावर लिहून चिकटवलेली असेल तर दुसरं. पाटी कशावर आहे हे न विचारता भाषांतर केलं की गिऱ्हाईक पुढच्या सोमवारी विनाकारण हेलपाटा घालतं.

औषधाच्या आणि खताच्या माहितीपत्रकात ही चूक महागात पडते. ‘कीड मरते’ हे औषधाचा गुण सांगतं. ‘कीड मरेल’ हे तुमच्या शेताबद्दल दिलेलं वचन आहे. मूळ कन्नड रूप दोन्हींना मोकळं असतं. गुणाचं वाक्य असेल तिथे ‘मरते’ लिहावं आणि मात्रा, वेळ, हवामान या अटी लगेच पुढे द्याव्यात.

‘आहे’ आणि ‘असतो’ ही जोडी मात्र कन्नडमध्येही आहे: ‘इदे’ आणि ‘इरुत्तदे’. पण ‘मेणसिनकायि खार’ असं क्रियापदाशिवायही वाक्य पुरं होतं. तिथे मराठीत ‘असते’ की ‘आहे’ हे भाषांतरकारानं ठरवायचं. कन्नडमध्ये प्राणी-वस्तूंना अनेकवचनाचा प्रत्यय लावलाच पाहिजे असंही नाही. त्यामुळे मूळ एकवचन दिसलं म्हणून मराठीत ‘तो एक’ असा अर्थ आणू नये.

‘मोठ्यांना उलट बोलत नसतात’ हे कसलं विधान?

हे मराठीचं खास रूप. वरवर ते रीत सांगतं, पण प्रत्यक्षात काम करतं शिकवण्याचं. ‘तिन्हीसांजेला झोपत नसतात’ म्हणणाऱ्या आजीला ठाऊक असतं की लोक झोपतात, नातू तर समोरच पेंगतोय. वाक्य झोपणाऱ्यांची मोजदाद करत नाही. ‘आपल्यात असं चालत नाही’ एवढं ते सांगतं. होकारी प्रश्नातही हीच ताकद: ‘वडिलांशी असं बोलतात का?’ याचं उत्तर ‘हो, बरेच जण बोलतात’ असं दिलं तर काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे.

परीक्षेत मुलं या वाक्यांना ‘साधा वर्तमानकाळ, नकारार्थी’ म्हणून सोडून देतात. काळ ओळखून इथे भागत नाही. हा नियम आहे हे त्यांना सांगावं.

म्हणी यातच येतात का?

येतात. काही जुन्या म्हणी भविष्यकाळी रूपात रीत सांगतात: ‘गर्जेल तो पडेल काय’, ‘करेल तो भरेल’. म्हणजे कन्नडसारखी वाट मराठीलाही परकी नव्हती.

लहान मुलांना हे कधी कळतं?

फार लवकर. दोन-तीन वर्षांची मुलं अशी वाक्यं बोलतात. ‘सगळे’ आणि ‘काही’ यांचा नेमका वापर त्यांना नंतर जमतो. मोजणीचा अर्थ सोपा आणि प्रकाराचा अवघड असं आपल्याला वाटतं, पण मुलांचा क्रम उलटा आहे.

माणसांबद्दल अशी वाक्यं बोलायला हरकत काय?

सीमाभागात हा प्रश्न टाळून चालणार नाही. ‘मराठी माणसं अशी असतात’, ‘कन्नड माणसं तशी असतात’ ही वाक्यं इथे बसमध्ये, कट्ट्यावर, निवडणुकीत सर्रास फिरतात. त्यांची ताकद त्यांच्या अर्थाच्या घडणीत आहे.

आंद्रेई चिंपियान, अमांडा ब्रँडोन आणि सुझन गेलमन यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक तिरपेपणा दिसला. काल्पनिक प्राण्यांबद्दलचं प्रकारविधान खरं मानायला लोकांना थोडा पुरावा पुरतो. तेच विधान आधी ऐकवलं तर मात्र तो गुण जवळजवळ सगळ्यांत असणार असं ते धरतात. म्हणजे आत शिरताना दार रुंद, आणि एकदा आत आलं की विधान अख्ख्या घरावर हक्क सांगतं. धोकादायक गुणाला तर पुरावा आणखी कमी लागतो, हे डासांच्या वाक्यात पाहिलंच. ‘त्यांची माणसं दगड मारतात’ या वाक्यामागे दोनच दगड असतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात हजार हात उभे राहतात.

मार्जरी रोड्स, सारा-जेन लेस्ली आणि क्रिस्टिना ट्वोरेक यांनी 2012 मध्ये चार वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक लोकगटाचं चित्रपुस्तक वाचून दाखवलं. ‘हे लोक असं करतात’ अशा वाक्यांनी ऐकलेल्या मुलांना त्या लोकांचे गुण जन्मजात, न बदलणारे वाटू लागले. ‘हा असं करतो’ अशा वाक्यांनी ऐकलेल्यांना तसं कमी वाटलं. दोन्ही पुस्तकांतली चित्रं तीच होती.

मराठीत सुधारणा सोपी आहे, कारण आपल्याकडे ‘असतात’च्या जागी भूतकाळ आणि नेमकं नाम सहज बसतं. ‘ते लोक दगड मारतात’ ऐवजी ‘काल चौकात पाच-सहा जणांनी दगड मारले’. यात माहितीही जास्त आहे. वर्गात कुणी पहिल्या तऱ्हेचं वाक्य बोललं तर ओरडण्यापेक्षा ‘कोणी? कधी? किती जणांनी?’ हे तीन प्रश्न विचारावेत.

पत्रक किंवा बातमी लिहून झाल्यावर काय तपासावं?

प्रत्येक ‘असतो, असते, असतात’ आणि ‘-तो, -ते, -तात’ खाली रेघ मारा. मग त्या प्रत्येक वाक्यात ‘बहुतेक’ घालून वाचा. अर्थ टिकला आणि आकडा हाताशी असेल तर आकडाच लिहा. अर्थ बिघडला (जसं ‘बहुतेक डास मलेरिया पसरवतात’) तर ते धोक्याचं वाक्य आहे. ते ठेवा, पण किती आणि कोणते हे त्याच परिच्छेदात सांगा. ‘अॅनोफिलिस गटातल्या काही जातींच्या डासांची मादी मलेरिया पसरवते’ हे वाक्य जास्त जागा घेत नाही.

‘च’ वेगळा तपासा. एका अपवादानं वाक्य पडत असेल तर ‘च’ काढा. आणि विषय माणसांचा असेल तर रीतीचं वाक्य आधी घडलेल्या घटनेच्या रूपात लिहून बघा. घटना सांगता येत नसेल, तर ते वाक्य छापू नका.